बेंजामिन रॉबिन्स : आघाताचे माप घेणारा गणिती

लोहाराचा घण काट्यावर ठेवला तर तो पाच किलो भरेल, फार तर सहा. तोच घण खांद्यावरून फिरून ऐरणीवर पडला म्हणजे तापलेल्या लोखंडाचा आकार बदलून टाकतो. आणि त्याच लोखंडावर तो नुसता ठेवून दिला तर दिवसभरात काही म्हणजे काही होत नाही. मग घण पडतो त्या क्षणी त्याचा जोर किती असतो? काट्यास हा प्रश्न विचारून उपयोग नाही, कारण काटा स्थिर होईपर्यंत आघात होऊन गेलेला असतो. नरडाणा स्टेशनात उभ्या मालगाडीस इंजिन येऊन लागते तेव्हा पहिल्या डब्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत धक्क्याचा आवाज धावत जातो. तो ज्यांनी ऐकला आहे, त्या आमच्या विद्यार्थ्यांच्या मनात हाच प्रश्न निराळ्या शब्दांत आल्यावाचून राहिला नसेल. बंदुकीच्या गोळीपुरते का होईना, या प्रश्नाचे भरवशाचे उत्तर ज्याने आकड्यांत दिले, आणि त्या आकड्यांवर भरवसा का ठेवावा हेही ज्याने दाखविले, त्या बेंजामिन रॉबिन्स नामक इंग्रज गणितज्ञाचे चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे. तो जन्मला परदेशी, परंतु त्याचा अंत आपल्याच देशात झाला, हेही त्याची ओळख करून घेण्यास एक कारण होय.

रॉबिन्सचा जन्म इ. स. १७०७ मध्ये इंग्लंडातील बाथ या गावी झाला. आईबाप गरीब असून क्वेकर पंथाचे होते. या पंथाचे लोक युद्धास पाप मानतात आणि शस्त्र हाती धरीत नाहीत, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे या मुलाने ज्या विद्येत नाव मिळविले ती तोफांची विद्या होय. पोशाख, बोलणे इत्यादी बाबतींतील क्वेकरांचे विशेष रॉबिन्सने तरुणपणीच सोडून दिले. ते सोडताना त्याच्या मनाची काय स्थिती झाली असेल याविषयी आम्ही तर्क करीत नाही.

शाळेचे शिक्षण बेताचेच झाले. विद्यापीठाचे तर झालेच नाही. परंतु गणिताची गोडी अशी की घरच्या घरी अभ्यास करून त्याने काही टिपणे तयार केली, व ती लंडनमध्ये डॉक्टर पेंबर्टन यांच्या पाहण्यात आली. न्यूटनच्या प्रिन्सिपिया या महाग्रंथाची तिसरी आवृत्ती १७२६ मध्ये निघाली, ती संपादणारे विद्वान हेच. त्यांनी या मुलाची योग्यता ओळखली. रॉबिन्स लंडनला आला, गणिताच्या शिकवण्या करू लागला, आणि १७२७ मध्ये, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, रॉयल सोसायटीचा सभासद निवडला गेला. पुढल्याच वर्षी त्याने एक धाडस केले. योहान बर्नुली हे त्या काळी युरोपातील गणितज्ञांचे एक अग्रणी. दोन पदार्थ एकमेकांवर आदळले असता गतीची देवघेव कशी होते, याविषयी त्यांनी एक प्रबंध लिहिला होता. एकवीस वर्षांच्या या शिकवणीवाल्या मास्तराने त्याचे जाहीर खंडन प्रसिद्ध केले. आघात हा विषय त्याने असा अगदी आरंभीच हाती घेतला होता, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. यानंतर १७३५ मध्ये, बिशप बर्कली यांनी न्यूटनच्या कलनशास्त्रावर घेतलेल्या आक्षेपांमुळे जो वाद माजला, त्यातही त्याने न्यूटनची बाजू घेऊन पुस्तक लिहिले.

पुढे शिकवण्यांचा त्यास कंटाळा आला. (शिक्षकाच्या लेखणीतून हे वाक्य उतरताना थोडे हसू येते, पण वस्तुस्थिती तीच आहे.) गिरण्या, पूल, बंदरे, पाणथळ जमिनींचा निचरा आणि किल्ल्यांची बांधणी अशा कामांकडे तो वळला, आणि किल्ल्यांवरून स्वाभाविकच तोफांकडे गेला.

त्या वेळी तोफविद्येची स्थिती काय होती? गॅलिलिओने सिद्ध केले होते की फेकलेली वस्तू परवलय नावाच्या वक्ररेषेत जाते. हा सिद्धांत निर्वात जागेपुरता खरा आहे. परंतु हवा इतकी पातळ, तिने जड शिशाच्या गोळीस काय अडविणार, असे मानून गोलंदाजीची कोष्टके याच सिद्धांतावर रचली जात. गोळी नळीतून सुटते तेव्हा तिचा वेग किती असतो हे कोणासच ठाऊक नव्हते, आणि ते मोजण्यास साधनही नव्हते. डोळ्यास न दिसणारी वस्तू घड्याळाने कशी मोजावी?

रॉबिन्सने काढलेली युक्ती पुढे बॅलिस्टिक पेंड्युलम, म्हणजे आघाताचा लंबक, या नावाने प्रसिद्ध झाली, व आजही अकरावी-बारावीच्या पदार्थविज्ञानात तिचे गणित विद्यार्थ्यांस सोडवावे लागते. लोखंडी दांड्याच्या टोकाशी लोखंडी पत्रा, त्यावर जाड लाकडी ठोकळा, आणि हे सर्व एका आडव्या आसावर झोके घेऊ शकेल असे टांगलेले. गोळी ठोकळ्यात घुसते व तेथेच अडकून राहते. तिची सारी गती त्या जड लंबकास मिळते, आणि तो मागे झोका घेतो. ठोकळ्याच्या खाली एक फीत बांधलेली असते. लंबक मागे गेला की ती ओढली जाते व परत येत नाही, त्यामुळे झोका केवढा झाला हे निवांतपणे मोजता येते. क्षणार्धात होऊन जाणारी घटना अशा रीतीने मंद व मोजण्याजोगी झाली.

येथवरची युक्ती आमच्या वर्गातील एखाद्या हुशार मुलासही सुचू शकेल. परंतु फीत सव्वासतरा इंच ओढली गेली एवढ्यावरून गोळीच्या वेगाविषयी काय कळले? काहीच नाही. लंबक हलका असता तर ती अधिक ओढली गेली असती, जड असता तर कमी. तेव्हा लंबकाचे इंच म्हणजे गोळीचे किती फूट, हे आधी ठरविले पाहिजे. यालाच आजच्या प्रयोगशाळांत कॅलिब्रेशन म्हणतात. उपकरण पारखून घेणे असे आपण म्हणू. दुकानदाराच्या वजनांवर सरकारी वजनमापे खात्याचा शिक्का असल्यावाचून आपण त्यांवर विश्वास ठेवीत नाही. पण वजनाची पारख दुसऱ्या, अधिक खऱ्या वजनाशी ताडून करता येते. ज्याचा वेग आधीच माहीत आहे अशी प्रमाण गोळी रॉबिन्सजवळ कोठे होती? त्याला आपला लंबक एकही गोळी न झाडता पारखावयाचा होता.

त्याने तो असा पारखला. प्रथम सर्व लंबक तोलला; तो ५६ पौंड ३ औंस भरला. मग त्याचा गुरुत्वमध्य आसापासून किती अंतरावर आहे ते काढले. ते ५२ इंच आले. मग लंबकास थोडासा हेलकावा देऊन घड्याळ लावून बसला, आणि २०० हेलकाव्यांस २५३ सेकंद लागतात असे पाहिले. एकच हेलकावा मोजला असता तर घड्याळाच्या चुकीने सगळा हिशेब बिघडला असता. दोनशे मोजल्याने ती चूक दोनशे ठिकाणी वाटली जाऊन नाहीशी झाल्यासारखीच झाली. या आकड्यावरून, तितक्याच काळात हेलकावा घेणाऱ्या साध्या दोरीच्या लंबकाची लांबी ६२ पूर्णांक दोन-तृतीयांश इंच असली पाहिजे, हे गणिताने निघते. गोळी ज्या ठिकाणी लागावयाची ते ठोकळ्याचे मध्य आसापासून ६६ इंचांवर होते. इतके आकडे हाती आल्यावर, या ५६ पौंडांच्या लंबकाऐवजी जणू गोळी लागते त्या ठिकाणी सुमारे ४२ पौंडांचे एकच वजन आहे, असे मानून हिशेब करता येतो.

गोळीचे वजन पौंडाचा बारावा हिस्सा. म्हणजे गोळी अडकल्यानंतर जे काही हलते ते गोळीच्या पाचशे पाचपट भारी. फितीवरून लंबकाच्या त्या बिंदूचा वेग सेकंदास सुमारे सव्वातीन फूट निघाला. त्याची पाचशे पाचपट केली की गोळीचा वेग सेकंदास सुमारे १,६४० फूट येतो. आजच्या मापाने हा ताशी अठराशे किलोमीटर झाला. विद्यार्थ्यांनी कागद-पेन्सिल घेऊन हा गुणाकार स्वतः करून पाहावा, अशी आमची शिफारस आहे. तराजू, मोजपट्टी आणि घड्याळ या तीन संथ साधनांवर हा सगळा डोलारा उभा आहे. त्यांपैकी कोणत्याही साधनाची पारख पूर्वीच झालेली होती, म्हणून तिघांनी मिळून पारखलेल्या लंबकाचा शब्दही प्रमाण मानता आला.

काम एवढ्यानेही संपत नाही. प्रत्येक गोळी ठोकळ्यातच राहत असल्यामुळे लंबक गोळीगणिक जड होत जातो. दहा गोळ्यांपूर्वीचे वजन दहा गोळ्यांनंतर चालत नाही. शिवाय बंदूक फार जवळ असेल तर दारूच्या धुराचा झोतच लंबकास ढकलतो आणि गोळीच्या नावावर खोटा वेग जमा होतो. असल्या बारीकसारीक गोष्टींचा पाठलाग करणे पुष्कळांस कंटाळवाणे वाटते. रॉबिन्सने तो चिकाटीने केला, आणि त्याचे फळ त्यास मिळाले. एकाच मापाची गोळी आणि तितकीच दारू घेऊन त्याने लंबक निरनिराळ्या अंतरांवर ठेविला. दूरच्या लंबकावर गोळी अधिक मंद पोचली. पन्नास फुटांत वेग इतका घटला की, हवेचा अडथळा गोळीच्या स्वतःच्या वजनाच्या शंभरपटीहूनही अधिक भरला! ज्या हवेस सर्वांनी नगण्य मानले होते तिचा हा पराक्रम. गोळीचा वेग ध्वनीच्या वेगाच्या आसपास गेला की हा अडथळा एकाएकी पुष्कळ वाढतो, हेही त्याच्या ध्यानात आले. ध्वनीपेक्षा वेगवान विमाने बांधू पाहणाऱ्यांस हीच गोष्ट दोनशे वर्षांनंतर पुन्हा भेडसावणार होती.

हे सर्व १७४२ मध्ये त्याने तोफविद्येची नवी तत्त्वे या अर्थाच्या नावाने प्रसिद्ध केले. या पुस्तकामागे एका निराशेची कथा आहे. १७४१ मध्ये वुलिच येथे सरकारी तोफखान्याच्या उमेदवारांसाठी विद्यालय निघाले. तेथील अध्यापकाची जागा आपणांस मिळेल अशी रॉबिन्सची आशा होती, व त्यासाठी त्याने व्याख्यानांची तयारीही केली होती. जागा दुसऱ्यास मिळाली. मुख्य प्रधान वॉलपोल यांच्या विरुद्ध रॉबिन्सने राजकीय पत्रके लिहिली होती, आणि वॉलपोल पदच्युत झाल्यावर त्यांच्या कारभाराच्या चौकशीसाठी पार्लमेंटाने नेमलेल्या समितीचा तो चिटणीसही झाला. यावरून सरकारदरबारी त्याच्याविषयी काय मत असावे याची कल्पना येते. व्याख्याने देण्यास वर्ग मिळाला नाही, तेव्हा त्याने त्यांचे पुस्तक केले. ते लहानसेच आहे. परंतु १७४५ मध्ये बर्लिनमध्ये ऑयलर यांनी, ज्यांच्याएवढा गणितज्ञ त्या शतकात दुसरा झाला नाही त्यांनी, त्याचे जर्मन भाषांतर केले, आणि टीपा इतक्या जोडल्या की मूळ ग्रंथ त्यांत दिसेनासा झाला. १७४६ सालचे रॉयल सोसायटीचे कोप्ले पदक रॉबिन्सला मिळाले.

त्याच सुमारास त्याने आणखी एक यंत्र केले. उभ्या आसाभोवती फिरणारा एक लांब हात, त्याच्या टोकास गोळा, आणि आसास गुंडाळलेल्या दोरीस टांगलेले वजन. वजन खाली उतरू लागले की हात फिरतो व गोळ्यास हवा अडविते. परंतु वजनाचा काही भाग यंत्राच्या स्वतःच्या घर्षणातच खर्च होणार. मग हवेचा वाटा कोणता? रॉबिन्सने गोळा काढून त्याच्या जागी तितक्याच वजनाचा शिशाचा पातळ तुकडा बसविला, ज्यास हवा फारशी अडवू शकत नाही, आणि हात पूर्वीच्याच वेगाने फिरेपर्यंत टांगलेले वजन कमी करीत नेले. जितके कमी करावे लागले तितका हवेचा जोर. यंत्राचा दोष नाहीसा करता येत नसेल तर तो मोजून वजा करावा, ही पद्धत आमच्या मते लंबकाइतकीच मोलाची आहे.

गोळी सरळ न जाता एका बाजूस का वळते, याचाही छडा त्याने लावला. गोळी स्वतःभोवती फिरत असते आणि त्यामुळे हवा तिला एका अंगाने अधिक रेटते, हे त्याने नळीचे टोक डावीकडे वाकविलेली बंदूक झाडून दाखविले. वाटेत पातळ कागदाचे पडदे उभे केले होते. त्यांस पडलेल्या भोकांवरून दिसले की गोळी प्रथम डावीकडे गेली व मग उजवीकडे वळली. क्रिकेटच्या मैदानावर फिरकी चेंडू हवेतच वळतो, त्याचे मूळ कारण हेच. नळीच्या आत पेचदार खाचा पाडाव्या, म्हणजे गोळी आपल्या मार्गाच्या दिशेस आस ठेवून फिरेल व सरळ जाईल, असे त्याने १७४७ मध्ये आग्रहाने प्रतिपादिले. ज्या घराण्यात शस्त्रास स्पर्श नाही त्या घराण्यातील मुलाने बंदूक अधिक अचूक कशी करावी हे जगास शिकविले, याचे आम्हांस वैषम्य वाटते, व ते लपविण्याचे कारण नाही. मात्र त्याने मोजलेले आकडे कोणाचेच पक्षपाती नव्हते. भुसावळनजीक वरणगावच्या कारखान्यात बनतात त्या गोळ्यांचा वेग आता लाकडी ठोकळ्याने नव्हे, तर विजेच्या साधनांनी मोजतात. तथापि पुण्यास ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनमध्ये प्रवाशांच्या रक्षणासाठी मोटारी मुद्दाम आदळवून पाहतात, तेथेही प्रश्न रॉबिन्सचाच असतो.

अशा परीक्षांत आघाताचा जोर मोजण्यास स्फटिकाची किंवा ताणाच्या तारांची लहानशी साधने वापरतात. जोर पडला की ती विजेचा संकेत देतात. संकेताचे किती व्होल्ट म्हणजे किती जोर, हे ठरविण्यासाठी त्यांवर माहितीतील वजने ठेवून पाहण्याची रीत आहे. परंतु स्थिर वजन खरे सांगणारे साधन सेकंदाच्या हजाराव्या हिश्शात संपणारा आघातही खराच सांगेल, अशी खात्री देता येत नाही. त्याच्या टोकास बसविलेल्या तुकड्याचे स्वतःचे वजनही त्या घाईत मध्ये येते. म्हणून जोरमापक बसविलेला हातोडा पारखताना वजन केलेला एक धातूचा ठोकळा दोऱ्यांनी टांगतात, त्यावर त्या हातोड्याने ठोका मारतात, आणि ठोकळ्यास मिळालेला त्वरण मोजून त्यास वस्तुमानाने गुणितात. टांगलेला जड ठोकळा, त्याचे आधी केलेले वजन, आणि मग ठोका! विजेची उपकरणे बाजूस काढली तर १७४२ चाच प्रयोग आपण पाहत आहो असे वाटेल.

रॉबिन्सच्या उत्तरायुष्यातील इतर हकिगती थोडक्यात सांगतो. १७४७ मध्ये हॉलंडातील बर्गेन-ऑप-झूम या किल्ल्याच्या रक्षणार्थ त्यास बोलावणे आले. तो पोचतो न पोचतो तोच किल्ला फ्रेंचांच्या हाती पडला. अॅन्सन या दर्यावर्दीच्या पृथ्वीप्रदक्षिणेचा वृत्तांत १७४८ मध्ये जहाजावरील धर्मोपदेशकाच्या नावाने निघाला, त्यात रॉबिन्सचा हात किती होता याविषयी पुढे पुष्कळ वाद झाला. १७४९ मध्ये त्याच्यापुढे दोन कामे आली : फ्रान्सशी अमेरिकेतील सरहद्दीचा वाद मिटविण्यासाठी पॅरिसला जाणे, किंवा ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य इंजिनियर म्हणून हिंदुस्थानात येणे. त्याने हिंदुस्थान पत्करले.

मद्रास १७४६ मध्ये फ्रेंचांनी जिंकून घेतले होते व तहाने नुकतेच परत केले होते. तेथील आणि कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्याची डागडुजी करून ते तोफांच्या माऱ्यास टिकतील असे करणे हे त्याचे काम. १७४९ च्या अखेरीस इंग्लंड सोडून १७५० च्या जुलै महिन्यात तो सेंट डेव्हिड किल्ल्यावर उतरला. बरोबर त्याने शास्त्रीय उपकरणेही आणली होती. ज्याने इतकी वर्षे गोळ्याचा जोर मोजला, त्यास आता तो जोर सोसणारी भिंत रचावयाची होती. पण येथील हवा त्यास मानवली नाही. दोनच महिन्यांत त्यास तापाने गाठले. तो त्यातून उठला, पुन्हा कामास लागला, दोन्ही किल्ल्यांचे आराखडे त्याने पुरे केले, आणि २९ जुलै १७५१ रोजी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, त्याच किल्ल्यावर मरण पावला. त्याने लग्न केले नव्हते.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कुकडी नदीच्या काठी बुसी या फ्रेंच सरदाराच्या तोफांनी पेशव्यांच्या फौजेस मागे रेटले. दक्षिणेतील ही झुंज पुढल्या वर्षी भालकीच्या तहाने थांबली, आणि त्या तहान्वये आमचा खानदेश मराठ्यांकडे आला. या देशात तोफेचे महत्त्व किती वाढले होते, ते यावरून दिसेल.

रॉबिन्सचे विखुरलेले लेख त्याचे स्नेही जेम्स विल्सन यांनी १७६१ मध्ये दोन भागांत छापून काढले. वुलिचच्या ज्या विद्यालयाने त्यास जागा दिली नव्हती, तेथे पुढे चार्ल्स हटन नावाचे गणिताचे प्राध्यापक झाले. त्यांनी १७७५ मध्ये रॉबिन्सचाच प्रयोग बंदुकीऐवजी लहान तोफा घेऊन आरंभिला. लंबक शेकडो पौंडांचा, गोळे लोखंडाचे. प्रत्येक गोळ्यानंतर लंबक किती जड झाला हे ते टिपून ठेवीत, आणि मगच पुढची तोफ झाडीत.